होडीतल्या मिरच्या

"माती? माती लागते कुनाला? अडान्यांना लागते माती!"

भर बाजारात, शिरगावच्या वत्सलाच्या टोपलीपुढे उभं राहून दामू तामोरेने हे ठणकावून सांगितलं, आणि सातपाटीतल्या त्याच्या आळीच्या तोंडची चव गेली ती त्या क्षणापासून!

तसं पाहिलं तर दामूचा राग अगदीच खोटा नव्हता. सातपाटीला समुद्र आहे, होड्या आहेत, वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, सुकणारे बोंबील आहेत. नाही ती फक्त माती. पाय टाकावा तिथे वाळू. त्यामुळे हिरवी मिरची म्हटली की शिरगावची वत्सला, कोथिंबीर म्हटली की वत्सला, आणि वांगं म्हटलं तरी वत्सलाच. ती मासळीच्या बदल्यात भाजी द्यायची. पापलेट घेताना दाबून, उलटून, कल्ले उघडून असं तपासायची की पापलेटालाच लाज वाटावी. मिरच्या देताना मात्र सोनाराने मणी टाकावेत तशी एकेक टाकायची. त्या दिवशी दामूच्या बायकोने, मंजुळाने, चांगलं पसरट पापलेट दिलं आणि बदल्यात पडल्या मूठभर मिरच्या. त्यातही एक वाकडी!

"वाकडी नको," दामू म्हणाला.

"वाकडी जास्त तिखट असते, तुझ्यासारखी," वत्सला म्हणाली. "नको असंल तर राहू दे. लाव जा तुझ्या वाळूत!"

इथे शहाण्या माणसाने हसून काढता पाय घेतला असता. पण दामू होता तारापूरला कामाला. तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, आणि दामू सामानाच्या ट्रकवर होता. गोऱ्या इंजिनिअरांच्या बंगल्यामागे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: सिमेंटचे लांबट हौद, हौदात नुसती खडी, खडीत खत विरघळवलेलं पाणी, आणि वर लालबुंद टोमॅटो! मातीचा कण नाही! तिथला माळी मंगळ्या त्याचा दोस्त. त्याने सगळं समजावून सांगितलं होतं. दामूने त्यातलं अर्धं ऐकलं होतं. अर्धं ऐकलं की दामूचं पोट भरायचं.

"लावतोच!" दामू गरजला. "आजपासून आमची आळी तुझ्याकडनं मिरचीचा देठसुद्धा घेनार नाय!"

"सगली आळी?"

"सगली!"

वत्सलाने टोपली उचलली. "बरं. मंग तुमच्या आळीत मी पाऊल टाकनार नाय. परत लागली तर तूच यायचं, ह्या बाजारात, सगल्यांसमोर. तवा एका पापलेटाला नाय, दोन पापलेटांना एक मूठ!"

आळीतल्या बायकांना ही बातमी संध्याकाळी कळली. आळीतर्फे बोलायचा अधिकार दामूला कोणी दिला, असं त्यांनी मंजुळाला विचारलं. मंजुळा म्हणाली, "मला काय विचारता? मला तरी कुनी विचारलं?"

आता हौद कुठून आणायचा? पाणी धरून ठेवणारी लांबट वस्तू सातपाटीत एकच. शेजारच्या महादू तांडेलाची जुनी होडी किनाऱ्यावर पडून होती. महादू म्हातारा झाला होता, तांडेल म्हणून होडी घेऊन दर्यात जात नव्हता, पण रीत सोडत नव्हता.

"होडी देतो. पन होडीचा वाटा पायजे," तो म्हणाला.

"बाबा, मासली थोडीच धरनार हाय? मिरच्या लावतोय!"

"होडीत जे येईल त्यात होडीचा वाटा. मिरची येवो नायतर देवमासा येवो."

दामूने कबूल केलं. बोईसरहून खडी आली, मंगळ्याकडून खत आणि रोपं आली, फटी डांबराने बुजल्या, आणि मंजुळाने विहिरीचं गोडं पाणी वाहून वाहून होडी भरली. दर्यात कधी न बुडालेली होडी वाळूत उभ्या उभ्या पाण्याने भरते आहे, हे बघून महादूला दोनदा गलबलून आलं! पण रोपं लागली, तरारली, पांढरी फुलं धरली. दामू रोज सकाळी होडीत वाकून बघायचा आणि आळीला ओरडून सांगायचा, "पंधरा दिवस थांबा! वत्सलाच आपल्याकडं मिरची मागायला येईल!" आळी थांबली. कालवणात हिरवी मिरची नाही, कोथिंबीर नाही. पण आळी थांबली.

दामूची म्हातारी आई ठकी एकच गोष्ट म्हणाली. "होडी हाय ती, दामू. होडीला हार नाय? बोडकी ठेवतोस?"

खरंच की! दामूने दर मंगळवारी होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूचा टपोरा हार घालायला सुरुवात केली. झेंडू अर्थात शिरगावचाच. वत्सला म्हणाली, "भाजी देनार नाय बोलले मी. देवाच्या फुलांना नाय कसं म्हनू?" आणि बाजारात आलेल्या ठकीच्या हाती हार देऊन टाकायची.

तिसऱ्या मंगळवारनंतर मिरचीची पानं वाकडी व्हायला लागली.

आधी कडा वळल्या. मग पानं द्रोणासारखी झाली. मग शेंड्याचा पार बोकडाचा कान झाला! "नजर लागली," ठकी म्हणाली, आणि मंगळवारची वाट न बघता आणखी एक हार चढवला. रोपं आणखी आकसली. आणखी एक हार! नाळेवर झेंडूचा ढीग झाला आणि होडीत मिरचीला म्हातारपण आलं.

दामूने पान मंजुळाच्या पांढऱ्या पातळावर झटकलं. बारीक बारीक काहीतरी पडलं आणि चालायला लागलं! डोळे फाडफाडून बघितलं तरी नीट दिसेना. तेव्हा महादूने आपली दुर्बीण काढली. जन्मभर ती लांबचं जवळ बघायला वापरलेली. पण उलटी धरून, वस्तू अगदी भिंगाला चिकटवून बघितली तर बारीक ते मोठं दिसतं, हे त्याला ठाऊक होतं.

दामूने बघितलं आणि मागे सरकला. "अरे बापरे! केवढं हाय!"

मग काय! सगळी आळी रांगेत उभी राहिली. प्रत्येकाने उलट्या दुर्बिणीतून बघितलं आणि प्रत्येकाने जन्मभराचं ज्ञान पणाला लावलं.

"कोलंबी हाय. पिल्लू हाय."

"कोलंबीला मिशा असतात! हा बारका बोंबील हाय, पायवाला."

"जवळाच तो! जवळा असाच लवलवतो."

महादू तांडेलाने सर्वांत शेवटी, सर्वांत जास्त वेळ बघितलं. "काय का असंना," तो म्हणाला, "होडीत सापडलंय. त्यात होडीचा वाटा हाय."

"घ्या सगलं!" दामू कळवळून म्हणाला. "सगलाच वाटा घ्या!"

दुसऱ्या दिवशी दामूने वाकडी पानं डबीत घालून तारापूरला नेली. मंगळ्याने नुसतं बघितलं आणि सांगितलं, "फुलकिडे हायेत. मडमेच्या टोमॅटोवर पन आलेले. सुकी मिरची अन् लसून उकळा, ते पानी मारा. जातील."

"मिरची वाचवायला मिरची?" दामूचे डोळे चमकले. "वा! काट्याने काटा!" आणि तो सायकलवर बसला.

"अवो थांबा, पातळ करा ते!" मंगळ्या मागून ओरडला. "अन् फुलं लांब—" पण सायकल गेली होती.

मिरची वाचवायची तर मिरची हवी. वत्सलाकडे जायचं तर नाक कापून घेणं! दामू घरोघर फिरला. उन्हाळ्यात भरलेल्या बरण्या वर्षअखेरीला आल्या होत्या. फोडणीपुरत्या सुक्या मिरच्या बायकांनी तळाशी जपून ठेवल्या होत्या. दामूने त्या प्रत्येकीकडून मागितल्या. "एक मूठ द्या, टोपलीभर परत घ्या!" बायका कुरकुरल्या, पण इतके दिवस थांबलो, आता चार दिवसांसाठी बोल कशाला मोडायचा, म्हणून बरण्या उलट्या केल्या. आळीतली शेवटची मिरची दामूच्या धोतरात गोळा झाली.

एवढी मिरची उकळायला भांडंही तसंच हवं. जाळी रंगवायचं मोठं पातेलं होतं, ज्यात माणूस बसेल असं. दामूने ते किनाऱ्यालगत चुलीवर चढवलं, खाली लाकडं घातली, मिरच्या ओतल्या, लसणाच्या माळा कुस्करून टाकल्या. पाणी मात्र कमी घातलं. औषध कडक हवं ना!

पहिली उकळी आली आणि वारा आळीकडे वळला.

सुरुवातीला ठकी शिंकली. मग शेजारची शिंकली. मग आळीतल्या प्रत्येक घरातून असा ठसका उठला की कुत्री शेपूट घालून पळाली! बायका लेकरं काखोटीला मारून बाहेर आल्या. घरात धूर, गल्लीत धूर. मोकळी हवा एकाच दिशेला, समुद्राच्या. सगळी आळी किनाऱ्यावर धावली, महादूच्या होडीभोवती गोळा झाली आणि डोळ्यांना पदर लावून ढसाढसा रडायला लागली. पदराने डोळे पुसायचे, पदर वाऱ्यावर झटकायचा, परत डोळ्यांना लावायचा. महादू तांडेल होडीच्या आडोशाला बसून सगळ्यांत जास्त रडत होता. वयोमानाने त्याला ठसका सोसत नव्हता.

आता हे किनाऱ्यावर होतं. पण दर्यातून काय दिसत होतं? आळीच्या होड्या फार लांब गेल्या नव्हत्या. खलाशांनी बघितलं: भलत्या वेळी सगळ्या बायका किनाऱ्यावर, पदर हलवतायत, रडतायत! जाळी अर्धी टाकली होती ती तशीच ओढून घेतली आणि होड्या माघारी फिरल्या.

पाण्यात उड्या टाकत पुरुष आले. "काय झालं? कोन गेलं?"

एकीलाही बोलता येईना. मंजुळाने तोंड उघडलं तर नुसता खोकला. शेवटी ठकीने हात उचलला आणि पातेल्याकडे दाखवायला गेली. पण मधे होती महादूची होडी, नाळेवर झेंडूच्या हारांचा ढीग!

"अरे देवा!" पुढचा खलाशी मटकन वाळूत बसला. "महादूबाबा गेले!"

झालं! पुरुषांनीही गळा काढला. कोणी कपाळ बडवलं, कोणी महादूच्या गुणांचा पाढा वाचला. "असा तांडेल परत होनार नाय! वादळात होडी आनली व्हती त्यानं!"

होडीच्या आडून महादूने रडवेला आवाज मिसळला. "फार चांगला मानूस व्हता... पन गेला कोन?"

जे त्यानंतर घडलं ते दामूने जन्मात कधी कोणाला सांगितलं नाही, आणि आळीने सांगायचं कधी सोडलं नाही! आधी म्हातारा जिवंत बघून दोघांची दातखिळी बसली. मग एकेकाला खरं कळत गेलं. जाळी रिकामी, होड्या रिकाम्या, बरण्या रिकाम्या, आणि डोळे भरलेले! या सगळ्या गडबडीत दामूने काय केलं असेल? तोंडाला फडकं बांधून पातेलं उतरवलं आणि ते लालभडक पाणी तसंच, थेंब न वाढवता, रोपांवर शिंपडलं.

सकाळी होडीत काड्या उभ्या होत्या. पान एक नाही. एका काडीला करंगळीएवढी एक मिरची तेवढी राहिली होती. महादूने ती होडीचा वाटा म्हणून खुडून नेली.

दामू नाळेला टेकून बसला. मंजुळा शेजारी आली. तिच्या हातात महादूची दुर्बीण होती. तिने हारातलं एक झेंडूचं फूल तोडलं, पातळावर झटकलं आणि उलट्या दुर्बिणीतून बघितलं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "जरा बघा."

दामूने बघितलं. तीच कोळंबी! तोच पायवाला बोंबील! एका फुलात अख्खी जत्रा! दर मंगळवारी, शिवाय मधल्या वारीही, आपणच पाहुणे आणून नाळेवर उतरवत होतो!

"कुनाला बोलू नको, मंजुळा," दामू गयावया करत म्हणाला. "आळी मला दर्यात बुडवील."

"नाय बोलत. पन आजपासून विहिरीचं पानी तुमी भरायचं."

"भरतो."

"आयुष्यभर."

"भरतो गं!"

आळीने निकाल मात्र दिलाच होता: दामूने वत्सलाकडे जायचं, सगळ्यांच्या मिरच्या आणायच्या, आज, आत्ता. दामू त्या पहाटे आलेल्या पापलेटांची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात गेला. मागे सगळी आळी, मजा बघायला.

वत्सलाने त्याला बघितलं. ती हसली नाही; हसली असती तर बरं झालं असतं. एकेक पापलेट तिने दाबलं, उलटलं, कल्ले उघडले. दोन पापलेटांना एक मूठ. मग मान तिरकी करून विचारलं, "दामू, सरळ देऊ का वाकडी?"

"वाकडी चालंल," दामू म्हणाला.

"अन् असं कसं जातोस?" वत्सलाने फुलांच्या पाटीत हात घातला. "एवढा मोठा बागाईतदार! मातीशिवाय शेती केलीस, सत्कार नको?" आणि सगळ्या बाजारासमोर तिने झेंडूचा टपोरा, ताजा हार दामूच्या गळ्यात घातला!

दामू ताठ झाला. हारात काय आहे हे त्या बाजारात दोघांनाच ठाऊक होतं; दुसरी, म्हणजे मंजुळा, आळीच्या घोळक्यात तोंडाला पदर लावून उभी होती. हार काढला तर कारण सांगावं लागणार. दामू हसला. हसत हसत टोपली उचलली आणि घराकडे निघाला.

वाटेत भेटेल तो विचारत होता, "काय दामू, सत्कार कसला रं?"

"शेतीचा," दामू मान खाजवत म्हणाला.