बन्सीधररावांचा डावा टायर

"मानवत गावात यंत्राची नस ओळखणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी!" असं बन्सीधरराव दिवसातून दोनदा तरी सांगायचे. कापसातली सरकी काढायचं जिनिंग त्यांचं. मशीन अडलं की सगळ्यांच्या आधी ते हात घालायचे, आणि त्यांनी घातलेला हात निस्तरायला फिटर सटवाजीला पुढं अर्धा दिवस लागायचा.

अशा माणसानं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली! लालभडक, दोनच सीटांची, आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं. बायको सुमनबाई एकदा बसल्या की त्यांना उठवायला दोन माणसं लागायची. पण बन्सीधरराव बेहद्द खूश. रोज सकाळी तासभर गाडी चालवल्याशिवाय चहाला शिवायचे नाहीत.

तीन महिन्यांनी गाडी पुसता पुसता सटवाजी ओरडला, "मालक, पळत या! ह्यो टायर टकला व्हायलाय!"

पुढचा डावा टायर. आतल्या बाजूची नक्षी जशीच्या तशी, बाहेरची कड मात्र गुळगुळीत! न्हावी अर्धी हजामत टाकून पळाल्यासारखी.

"चाकं फाकलीत," बन्सीधररावांनी निदान केलं. "अलाइनमेंट गेली."

"मंग परभणीला न्या की. तिथं कॉम्प्युटरवर करतेत."

"एवढ्याशा कामाला कॉम्प्युटर? दोरी आण!"

मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली. डाव्या चाकाखाली मालक, उजव्याखाली सटवाजी. दोघांच्या हातात पाने.

"आत घे!" मालक ओरडले.

"घेतलं!"

पण पालथं पडलेल्या मालकांचं आत म्हणजे उताण्या सटवाजीचं बाहेर, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तासाभरानं दोघं बाहेर आले तेव्हा पुढची दोन चाकं भांडून माहेरी निघालेल्या जावांसारखी दोन दिशांना बघत होती.

"दोरीवर सरळ दिसतंय," असं म्हणून बन्सीधररावांनी गाडी सुरू केली आणि ऐटीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीनं आधी डावीकडं नाक मुरडलं, मग उजवीकडं झेप घेतली, आणि पटांगणातल्या कापसाच्या ढिगात अख्खीच्या अख्खी शिरली!

आवाज झाला नाही. ढिगाला एक भोक पडलं, वरून कापूस घसरला, भोक बुजलं.

सुमनबाई ओसरीवर आल्या. "सटवाजी, गाडी कुठाय?"

"कापसात."

"अन् हे?"

"मालक बी कापसातच हायेत."

 सुमनबाई तशाच अनवाणी धावल्या. दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागल्या. "अवो! बोला की! काय बी बोला!"

ढिगातून हॉर्न वाजला. पाठोपाठ एक सणसणीत शिवी आली. सुमनबाईंचा जीव भांड्यात पडला.

आता परभणीशिवाय इलाज नव्हता. पण फाटकाबाहेरच भला मोठा गतिरोधक, आणि गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं! शेवटी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवली. "माझ्या स्टेअरिंगला कुणी हात लावायचा न्हाई!" म्हणून बन्सीधरराव आत बसून राहिले. "तुमाला एकट्याला सोडते होय!" म्हणून सुमनबाई शेजारी बसल्या. दोघांच्या अंगाखांद्यावर कापूस, गाडीवर कापूस, पुढं ट्रॅक्टर.

परभणीच्या पहिल्याच चौकात गर्दी जमली. देवळाला निघालेल्या नर्मदाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ट्रॅक्टर थांबवला, सुमनबाईंना हळदकुंकू लावलं आणि कौतुकानं विचारलं, "मालकांची साठी का गं? लय छान सजवलंय!"

"अठ्ठेचाळीस!" बन्सीधरराव किंचाळले.

"लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं? औक्षवंत व्हा!" असं म्हणून नर्मदाबाईंनी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

अलाइनमेंटचं दुकान बबिता नावाची बाई चालवायची. हारातल्या गिऱ्हाइकाकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. चाकांना आरसे लावले, पडद्यावरचे आकडे वाचले, आणि दोघांनी तासभर केलेलं काम दहा मिनिटांत उलटं फिरवलं. मग खाली बसून टायरच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.

"काका, ही झीज अलाइनमेंटची न्हाई. गाडी एकाच बाजूला वळती. सारखी उजवीकडं. चालवता कुठं?"

बन्सीधररावांना एकाएकी दुकानाचं छत बघावंसं वाटलं.

"जिनिंगच्या पटांगणात," सुमनबाईंनी सांगून टाकलं. "ढिगाभोवती. गतिरोधकामुळं फाटकाबाहेर जाताच येईना, मग रोज तासभर तिथंच गरगर फिरतेत."

बबितानं आत डोकावून मीटर पाहिलं. "बाराशे किलोमीटर! फाटकाच्या आत?"

"काँक्रीट लय गुळगुळीत हाय," बन्सीधरराव पुटपुटले.

"मंग आता तीन महिने उलटे फेरे मारा."

"अजिबात न्हाई!" सुमनबाई कडाडल्या. "कापूस म्हंजी आमची लक्ष्मी. देवळात फिरतो तसंच फिरायचं, मीच सांगितलंय ह्यांना. लक्ष्मीला उलटा फेरा?"

"मंग दर तीन महिन्याला नवा टायर घ्या," बबितानं हात पुसले.

दोघी हटेनात. बन्सीधररावांनी एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा टायरकडं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"रिव्हर्स! फेरा सुलटा, गाडी तेवढी उलटी!"

बबितानं हवेत बोटानं गोल काढून पाहिला, मग दुसऱ्यांदा काढला. "बसतंय की, चाकं आता डावीकडं वळतेत," ती नाइलाजानं म्हणाली.

तेव्हापासून जिनिंगच्या पटांगणात सात ते साडेसात गाडी पुढं फिरते आणि साडेसात ते आठ मागं. टायर दोन्ही बाजूंनी अगदी सारखे झिजायलेत! फक्त रोज अर्धा तास खांद्यावरून मागं बघून बघून बन्सीधररावांची मान डावीकडं वळली, ती वळलीच.

"अवो, बोलताना माझ्याकडं तरी बघा की!" सुमनबाई परवा जेवताना म्हणाल्या.

"मंग इकडं डावीकडं येऊन बस ना!" बन्सीधरराव भिंतीला म्हणाले.