सहा मिनिटांचा स्टिरिओ

आमच्या बेटावर एकूण सेहेचाळीस गाड्या आणि एक रस्ता आहे. रस्ता बंदरातून निघतो, वरच्या गावात चढतो आणि चर्चपुढच्या चौकाला वळसा घालून, पुढे काय करावं हे न सुचल्यासारखा परत खाली येतो. वर जायला साडेचार मिनिटं लागतात. मध्ये शेळ्या आल्या तर पाच. हे मोजमाप पुढे सरकारदरबारी फार महत्त्वाचं ठरलं, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

इयाकोवोस नगरपालिकेच्या नोकरीत पाण्याचे मीटर वाचायचा. घरं विखुरलेली, दिवसभर गाडीत एकटा. मार्चमध्ये गाडीतल्या जुन्या टेपने शेवटची कॅसेट चावून खाल्ली, तेव्हा त्याने परवडेल असा नवा स्टिरिओ बसवायचं ठरवलं. बाब खासगी होती. पण आमच्याकडे खासगी बाबी कॉफीच्या दुकानात मांडल्याशिवाय निकाली निघत नाहीत.

झानिसने टेबलावर दोन खोकी ठेवली. झानिस फ्रिज दुरुस्त करतो आणि ज्यात वायर असते ते सगळं आपलंच मानतो. पहिल्या खोक्यात दोन बटणांचा स्टिरिओ होता. एक बटण आवाजाचं, एक स्टेशनचं. किंमत पन्नास युरो. दुसऱ्यात नऊ इंची पडदा, एक्केचाळीस भाषा, बोगद्यांची पूर्वसूचना आणि वाळूच्या वादळाचा इशारा. किंमत साठ.

"मला दोन बटणं पुरतील," इयाकोवोस म्हणाला.

दुकानातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, "पुरतील की! गाडीला घोडाही पुरेल."

"काका, दहा युरोंसाठी म्हातारे होऊ नका," झानिस म्हणाला.

हसणाऱ्यांत मीही होतो. इयाकोवोसने नऊ इंची घेतला.

बसवायला दोन दिवस लागले. डॅशबोर्डची खाच लहान पडली म्हणून ती कापली, मग मोठी झाली म्हणून लाकडाची पट्टी ठोकली. शेवटी पिवळ्या वायरचा प्रश्न आला. "ही थेट बॅटरीला जोडली तर सकाळपर्यंत बॅटरी उतरते," झानिसने समजावलं. "किल्लीवर जोडली तर बॅटरी शाबूत, फक्त दर वेळी गाडी सुरू केली की याला सगळं पहिल्यापासून आठवावं लागतं."

"त्याला किती वेळ लागतो?"

"सहा मिनिटं. एक्केचाळीस भाषा आहेत, काका. माणसाला जन्म जातो."

इयाकोवोस बंदरातून निघाला. पडद्यावर आधी कंपनीचं फूल उमललं, मग वाहनचालकाचं अभिनंदन झालं, मग सुरक्षिततेच्या नऊ अटी मान्य कराव्या लागल्या. एवढ्यात वरचं गाव आलं. उभ्या गाडीत गाण्याची वाट बघत बसावं, तर जाणारा येणारा खिडकीत डोकं घालून विचारी, "काय रे, बायकोने घराबाहेर काढलं का?" म्हणून तो चौकाला फेऱ्या मारू लागला. तिसऱ्या फेरीला गाणं लागलं. अर्धं ऐकून तो मीटर वाचायला उतरला, किल्ली काढली. परत आला, तेव्हा पडद्यावर फूल उमलत होतं.

आता कुणालाही वाटेल की हे पाहून बेट शहाणं झालं असेल. पण साठ युरोंत नऊ इंच, हा हिशोब डोक्यातून जात नव्हता. जूनपर्यंत एकोणीस गाड्यांत तोच स्टिरिओ बसला. माझ्याही. एकोणीस गाड्या सकाळ-संध्याकाळ गंभीर चेहऱ्याने चर्चला प्रदक्षिणा घालत. पाद्रीबाबांना सुरुवातीला धर्मजागृती झाल्यासारखं वाटलं.

"त्या दोन बटणांच्या स्टिरिओला काय झालं होतं?" इयाकोवोसच्या बायकोने, कालिरोईने, त्याला विचारलं. त्यांचं घर चौकाला लागूनच. ती अंगणात दोन लिंबोणींखाली बसून भाजी चिरायची आणि नवरा समोरून जाताना दिवसातून तीसेक वेळा हात हलवायची.

"काळाबरोबर चालावं लागतं," इयाकोवोस म्हणाला आणि पुढच्या फेरीला गेला.

त्याच महिन्यात मुख्य भूमीवरून एक अभियंता आला. सगळ्या बेटांवर करतात तसं त्याने रस्त्यावर गाड्या मोजणारी काळी रबरी नळी आडवी टाकली, आठवडाभर मासे खाल्ले आणि आकडा घेऊन गेला. दररोज अकराशे चार वाहनं.

नगराध्यक्ष थेओनीबाईंनी त्याला फोन केला. "अहो, बेटावर गाड्याच सेहेचाळीस आहेत."

"मोजणी चुकत नसते, बाई. गाड्या लपवल्या जातात."

तीन वर्षं आम्ही डॉक्टर मागत होतो. उत्तर ठरलेलं होतं: लोकसंख्या अपुरी. रस्ता कुणी मागितलाच नव्हता. त्याला सतरा दिवसांत मंजुरी आली: वाहतूक अनियंत्रित. चौक रुंद करायचा, गावाभोवती वळणरस्ता काढायचा आणि एक सिग्नल बसवायचा, असं ठरलं. नकाशावर वळणरस्त्याची लाल रेघ कालिरोईच्या अंगणातून, दोन्ही लिंबोणींवरून गेली होती.

आक्षेपांसाठी पंधरा दिवसांची मुदत होती. इयाकोवोसने अर्ज लिहिला. अर्जात एक रकाना होता: आक्षेपकर्ता सदर रस्ता दररोज किती वेळा वापरतो? बत्तीस वर्षं मीटरचा आकडा जसा दिसला तसाच लिहिणारा माणूस तो. त्याने लिहिलं, एकतीस. आठवड्याने उत्तर आलं: "आपला अर्ज योजनेस समर्थन म्हणून दाखल करून घेण्यात आला आहे. जागरूकतेबद्दल आभार."

कालिरोई स्वतः नगरपालिकेत गेली. "थेओनी, तुझ्या बाप्तिस्म्याला मी तुला मांडीवर घेतलं होतं. तुला ठाऊक आहे या गाड्या कशाला फिरतात ते."

"ठाऊक आहे, कालिरोईमावशी."

"मग लिही तसं त्यांना. पोरं ते डबे काढून टाकतील, वाहतूक संपेल."

"तीच तर भीती आहे," थेओनीबाई म्हणाल्या. "अंतिम पाहणीत वाहतूक कमी दिसली तर निधी परत जातो. आणि मावशी, सिग्नल देखभालीत एक नोकरी आहे. डॉक्टर नाही, पण निदान कुणाला तरी पगार."

दुसऱ्या दिवशी फलकावर वेळापत्रक लागलं. पाहणीपर्यंत प्रत्येक वाहनमालकाने किमान वीस फेऱ्या माराव्यात. स्टिरिओ नसलेल्यांनी राष्ट्रीय कर्तव्य समजून माराव्यात. पाण्याचे मीटर वाचणं तात्पुरतं थांबवून इयाकोवोसला पूर्ण वेळ फेऱ्यांवर नेमण्यात आलं. स्वतःचं अंगण पाडण्याइतकी रहदारी दाखवायची, ही आता त्याची सरकारी ड्युटी होती. त्याने ती चोख बजावली. तो जाताना कालिरोई आता हात हलवत नसे. आत जाऊन दार लावून घेई.

सप्टेंबरात रस्ता खणायचं यंत्र आलं. लिंबोणी कापण्याआधी ड्रायव्हर म्हणाला, "आजी, फळं तेवढी काढून घ्या." तिने काढली नाहीत. इयाकोवोसने शिडीवर चढून काढली, दोन टोपल्या भरल्या. त्या स्वयंपाकघरात तशाच पडून सुकल्या.

वसंतात उद्घाटन झालं. पाद्रीबाबांनी डांबरावर पाणी शिंपडलं, सिग्नल हिरवा झाला. नव्या वळणाने बंदरातून निघून गावाभोवती पूर्ण जायला बरोबर साडेसहा मिनिटं लागू लागली. असं कुणी मुद्दाम केलं नव्हतं.

इयाकोवोसने खूप विनवून कालिरोईला शेजारी बसवलं. फूल उमललं, अभिनंदन झालं, अटी मान्य झाल्या. सहाव्या मिनिटाला, वळणावर, गाणं लागलं. आवाज खरोखर स्वच्छ होता.

"इथे मी कांदे चिरायचे," कालिरोई म्हणाली.

इयाकोवोसने घाईघाईने पडद्यावर बोट मारलं. पडद्याने विचारलं, कोणत्या भाषेत बंद करायचं? तो एकेक भाषा सरकवत राहिला. गाणं चालू होतं, मागून भोंगे वाजत होते, सिग्नल लाल होता. कालिरोई दार उघडून उतरली आणि डांबरावरून चालत घरी गेली. तेव्हापासून ती पायीच जाते.

उन्हाळ्यात बोटीने येणाऱ्या पाहुण्यांना मी ही हकिगत सांगतो. ते तुमच्यासारखंच हसतात, म्हणतात, कसली माणसं ही. मग कुणाला तरी बोटीची आठवण होते आणि किती वाजले बघायला तो खिशातून फोन काढतो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ चालू असतं. फोनवर त्याला आधी एक निरोप दिसतो, मग एक चित्र, मग आणखी एक. दहा मिनिटांनी तो फोन परत खिशात ठेवतो आणि मला विचारतो, "काका, किती वाजले?"