टाळी म्हणजे चुकलं

"अहो, दुपारी एक ते तीन ढाराढूर झोपते ती! दोन तासांत एक गाडी काय, अख्खा ताफा बोलता करून देते!"

ढमीच्या आईनं फोनवर हे अगदी छातीठोकपणे सांगितलं. सांगताना तिच्या खांद्यावर ढमीची ताजी ओकी वाळत होती, पण फोनवर ती दिसत नाही हे एक बरं!

काम होतंच तसं. पंचवीस वर्षांपूर्वी टीव्हीवर एक बोलणारी गाडी येऊन गेली होती. वेगराणी तिचं नाव. दिव्यांतून जाळ, चाकांतून पाती, चोर दिसला की टपावरून जाळं! ढमीच्या बाबांनी लहानपणी तिच्या नादात सोफ्याचा हात गिअर समजून उपटला होता. आता ती मालिका नव्यानं येणार होती आणि मराठीत गाडीचा आवाज देणार होती ढमीची आई. बाळंतपणानंतरचं पहिलंच काम. हे हातचं गेलं, तर पुढची काही वर्षं तो आवाज फक्त 'भॉक' म्हणण्यापुरताच उरणार होता.

"एक लक्षात ठेवा बाई," डबिंगचे दिग्दर्शक म्हणाले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. "गाडीला भावना नाहीत! आवाज कसा हवा? फ्रिजमधल्या स्टीलच्या पेल्यासारखा. जरा लाडीगोडी ऐकू आली, की मी आवाज बदलला म्हणून समजा."

"आणि वाक्य चुकलं तर?"

"रेकॉर्डिंग थांबवू नका. एक टाळी वाजवा. टाळी म्हणजे चुकलं. आमचा एडिटर टाळीच्या आधीचं वाक्य कापतो आणि उरलेली ओळीनं चित्रावर बसवतो. घाईच्या कामाला दुसरा इलाज नाही."

स्टुडिओ म्हणजे घरातलं कपड्यांचं कपाट. चारी बाजूंनी रजया, डोक्यावर नवऱ्याचे कोट आणि हँगरला लटकवलेला माइक. ढमी एकला झोपली. ढमीची आई स्टुलावर बसली. पहिली चार वाक्यं अशी गार झाली, की रजयांनाही हुडहुडी भरावी! पाचव्याला कपाटाचं दार किलकिलं झालं आणि खालच्या बाजूनं एक डोकं आत आलं.

आता काय करता? घेतली मांडीवर.

"शत्रू शंभर मीटरवर. ढाल तयार," ढमीची आई बर्फाच्या आवाजात म्हणाली.

ढमीनं डोळे वटारले. आईच्या तोंडातून ही कोण नवी बाई बोलतेय! तिनं खूश होऊन खणखणीत टाळी वाजवली. टाळी ही चार दिवसांपूर्वी शिकलेली नवी कला. पंखा फिरला तरी टाळी, चमचा पडला तरी टाळी.

"अरे लबाडा, आवडलं होय तुला?" ढमीची आई विरघळली. ढमी मुलगी खरी, पण लाडात आली की 'रे' आणि 'राजा'!

दुपार अशीच गेली. एक वाक्य गाडीचं, एक टाळी ढमीची, मग चार शब्द लाडाचे. मध्ये ढमीनं सॉक्स चघळला. मध्ये नको तो वास आला. शेवटच्या वाक्याला टाळी वाजवून तिनं कपाटाच्या दारावर टाळकं आपटलं आणि भोकाड पसरलं, तेव्हा तिला घाईनं समजावून ढमीच्या आईनं सगळं मास्तरांना पाठवून दिलं. आपले लाडाचे शब्द एडिटर काढेलच, एवढं काय त्याला कळत नाही?

त्याला टाळी कळत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चॅनेलच्या मोठ्या बाईंसमोर भाग लागला. आधी ऐकायला मास्तरांना वेळच मिळाला नव्हता. ढमीची आई मांडीवर ढमीला घेऊन मागे बसली. शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा.

पहिली चार वाक्यं झकास! मोठ्या बाईंनी मान डोलावली. मास्तर मागे वळून हसले.

मग पूल आला. नायक ओरडला, "वेगराणी! शत्रूनं घेरलंय!"

"अरे लबाडा," वेगराणी म्हणाली, "आवडलं होय तुला?"

मास्तरांचं हसू गालावरच वाळलं.

"माझ्याकडे फक्त दहा सेकंद आहेत!"

"नाक कुठंय? राजाचं नाक कुठंय?"

नायकानं बॉम्बची तार दातांत धरली. "तोंडात काय घातलंस? काढ आधी! थू कर!" आणि खरं सांगते, त्यानं ती थुंकली! गाडीनं शत्रूवर काळाकुट्ट धूर सोडला. "शी केलीस ना? वास आला मला!"

"ही माझी मालिका नाही!" बाबा कळवळून कुजबुजले.

"मग कोणाची? माझीच की," ढमीची आई म्हणाली आणि ओढणीत तोंड लपवलं. गेलं काम!

पडद्यावर नायक रस्त्यावर कोसळला. कपाळाला खोक. वेगराणीचं दार आपोआप उघडलं.

"लागलं का रे राजा? ये. मी आहे ना."

मांडीवरून एक हात वर झाला, त्याचं बोट थेट पडद्यावरच्या काळ्या गाडीकडे रोखलं गेलं आणि ढमी आयुष्यातला पहिला शब्द बोलली.

"आई!"

"बोलली!" बाबा उठून उभेच राहिले. "अगं, बोलली! पण... गाडीला?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. त्या हसत होत्या की डोळे पुसत होत्या, कळेना. दोन्ही करत होत्या. "मास्तर, सगळं उद्यापर्यंत लिहिल्याबरहुकूम पुन्हा करून घ्या. यांच्याकडूनच. शेवटचं वाक्य मात्र असंच ठेवा."

"पण मॅडम, गाडीला भावना—"

"असू द्या की. टाकीत मावतील तेवढ्या!"

दुसऱ्या दिवशी ढमीची आई पुन्हा कपाटात बसली. मांडीवर ढमी, आणि ढमीच्या दोन्ही हातांवर चढवलेले बाबांचे लोकरी मोजे. वाजव म्हणावं आता हवी तेवढी!

सगळं छान चाललंय. ढमी आता दिवसभर 'आई' म्हणते. रस्त्यानं काळी गाडी गेली की "आई!", शेजाऱ्यांनी गाडी मागे घेतली की "आई! आई!"

आणि घरात आई समोर आली, की मोठ्या मायेनं तिचं नाक दाबून म्हणते, "पीं पीं!"