लव्हली डे, सर!

इंग्रजी बोलायचं म्हणजे काय हो, हवेच्या तर गप्पा! आमच्या छत्र्यांच्या कारखान्यात परदेशी पाहुणा येणार म्हटल्यावर मालकांना दरदरून घाम फुटला. मी ढिम्म! पाहुणा आमच्या छत्र्या विकायला आमच्याच शहरात दुकानं थाटणार होता.

"बोलायचं तूच. सौदा जमला तर तू मॅनेजर," मालक म्हणाले, "फिसकटला तर गोदामात!"

फोनवर दिवसभर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या भाचीने मला मंत्रच दिला होता. "मामा, सुरुवात हवेपासून. आणि बोलायचं ते छानच! रडगाणं नको." मी छान हवेची तेवढी वाक्यं घोटली. आठवडाभर बायकोकडे चहासुद्धा 'लव्हली डे' म्हणून मागितला. मिळाला नाही, ते सोडा.

पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच मी तोफ डागली. "लव्हली डे, सर!"

"येस, लव्हली," तो हसला.

मालकांना इंग्रजीचा गंध नाही, पण हसू कळतं. "सोडू नकोस! अजून बोल!"

"ऑल्वेज सनी, सर! नो क्लाउड!"

"ऑल्वेज?" पाहुण्याचं हसू धुतलेल्या सुती सदऱ्यासारखं आटलं.

"वाघ आहेस रे, वाघ!" मालक कुजबुजले.

वाघाला चेव आला. "नेव्हर रेन, सर! होल इयर, ओन्ली सन!"

पाहुण्याने पेनाला टोपण लावलं. "देन हू विल बाय अंब्रेला?"

"काय म्हणतोय? किती हव्यात?" मालकांनी आनंदाने विचारलं.

पायाखालची जमीन आणि डोक्यावरचं ते निरभ्र आकाश, दोन्ही एकदमच सरकली! वाईट हवेचं एकही वाक्य येत नव्हतं. शेवटी हातवाऱ्यांनी पाऊस दाखवावा म्हणून टेबलावरची नमुन्याची छत्री झटक्यात उघडून उंच धरली. वर पंखा गरगरत होता. त्याने ती हिसकली, दोनदा फिरवली आणि पाहुण्याच्या टकलावर अलगद ठेवली.

"थँक यू," तो म्हणाला आणि उठला.

सध्या मी गोदामात असतो. खिडकी नाही, पण छप्पर गळतं, त्यामुळे बाहेरची हवा खुर्चीतच कळते. परवा पाऊस कोसळला, तेव्हा आमचीच एक कोरी छत्री उघडून बसलो.

तीही गळते! पाहुणा वाचला बिचारा.