बारा गाठोडी, बारा पट्ट्या

जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला जमते, असं शीलाचं ठाम मत होतं. आणि का नसावं? नववीत असून ती सगळ्या शाळेची शिस्तमंत्री झाली होती. सव्वीस जानेवारीला जव्हारच्या त्या थंडीत, दात न वाजवता, तिने सलग सहा मिनिटं भाषण ठोकलं होतं! तेव्हापासून ती चालायची तेव्हा जमीनच बाजूला सरकून वाट देते आहे असं वाटायचं.

"आई, आज तुझ्या वॉर्डाची तपासणी ना? मला फक्त दहा मिनिटं दे. पालघरपर्यंत नाव गाजेल तुझं!"

"तू दहा मिनिटं गप्प बस," आई म्हणाली. "तेवढंच पुष्कळ."

शीलाची आई म्हणजे जयवंती सिस्टर, बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज. त्यांच्या रुग्णालयात दर तीन महिन्यांनी अंतर्गत तपासणी असायची. म्हणजे बाहेरचा साहेब वगैरे कोणी नाही. रुग्णालयातल्याच एका वॉर्डाने दुसऱ्या वॉर्डात जाऊन बघायचं, की रुग्ण सुरक्षित आहेत ना, एकीचं औषध दुसरीला जात नाही ना. पण घरचा माणूस जास्त बारीक बघतो, हे लग्नात पंगतीला बसलेल्या कोणालाही विचारा! मागच्या वेळी आईच्या वॉर्डाला शंभरात एक्कावन्न मिळाले होते. या वेळी पन्नासच्या खाली गेला, तर इन्चार्जपद दुसरीकडे जाणार होतं. त्यात आई आठ दिवस प्रशिक्षणाला गेलेली. आजच हजर झाली होती आणि वॉर्डातला एकही चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता.

शाळेला सुट्टी होती, म्हणून शीला बीजगणिताचं पुस्तक घेऊन ड्यूटी रूममध्ये बसली. टेबलावर तपासणीचा कागद पडला होता. बीजगणितापेक्षा तो कितीतरी रंजक! पहिलाच प्रश्न: 'प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर नावाची पट्टी आहे का?'

आई औषधं आणायला खाली गेलेली. शीलाने वॉर्डात डोकावलं आणि एकेक मनगट बघत गेली.

बारा खाटा, बारा माणसं आणि चोवीस मनगटं. सगळी मोकळी! कोणाच्या हातात बांगड्या, कोणाच्या हातात काळा दोरा, पण पट्टी म्हणून एक नाही! मग तिचं लक्ष खाटांखाली गेलं. तिथे बारा गाठोडी होती. आणि प्रत्येक गाठोड्याच्या गाठीला, नवरीला बाशिंग बांधावं तशी, कापडी पट्टी नीट बांधलेली! सुकी, फागी, माघी, रंगू... एका गाठोड्याला तर लाल पट्टीही होती. लाल पट्टीवर रुग्णाला काय चालत नाही ते लिहितात. त्यावर आईच्या जागी आलेल्या सिस्टरच्या अक्षरात लिहिलं होतं: 'गोजाबाई. पेनिसिलिन चालत नाही.'

म्हणजे गाठोड्याला पेनिसिलिन चालत नव्हतं!

"अरे देवा!" शीला म्हणाली आणि बाह्या सरसावल्या. शिस्तमंत्री कशासाठी असते?

तिने भराभर गाठोड्यांच्या पट्ट्या सोडल्या आणि त्या त्या खाटेवर जे बसलं होतं त्याच्या मनगटाला बांधत सुटली.

"मना कशाला बाय?" एक बाई म्हणाली.

"नियम आहे!"

"बरं, बरं. नियम हाय तर बांध."

सरकारी दवाखान्यात कोणी हात मागितला की लोक हात देतात. उलट दोघींनी तर दुसराही पुढे केला! सात नंबरच्या खाटेवर कोणीतरी डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन घोरत होतं आणि एक हात खाली लोंबत होता. हात चांगलाच राठ. 'बिचारीने किती कष्ट केले असतील!' असं म्हणत शीलाने हळुवारपणे त्यालाही पट्टी बांधली. आठ मिनिटांत काम फत्ते! दोन मिनिटं उरली, तर तिने उशा सरळ केल्या.

इतक्यात रोहिदास ब्रदर आले. हे पुरुषांच्या वॉर्डाचे इन्चार्ज आणि आजचे तपासनीस. कानावर पेन, हातात कागद, चेहरा परीक्षेतल्या भरारी पथकासारखा. त्यांनी एकेक मनगट बघितलं आणि त्यांची भुवई वर वर जात केसांत शिरायच्या बेताला आली.

"बारापैकी बारा! सिस्टर, माझ्या वॉर्डात पाचसुद्धा सापडत नाहीत. काय जादू केलीत?"

औषधांचा ट्रे घेऊन आलेली आई दारातच थबकली. तिने शीलाकडे बघितलं. शीलाने छताकडे बघितलं.

"आता एक इंजेक्शन माझ्यासमोर द्या," रोहिदास ब्रदर म्हणाले. "पद्धत बघायची आहे."

यादीत पहिलं होतं: चार नंबर, सुकी, पेनिसिलिन. आई चार नंबरच्या खाटेपाशी गेली. बाईच्या मनगटावर पट्टी होती: सुकी. सगळं जुळत होतं. शीलाला वाटलं, आता द्यावं आणि मोकळं व्हावं! पण आईची एक जुनी खोड होती. पट्टी बघूनही ती नाव विचारायचीच. शीला त्यावरून घरी नकलासुद्धा करायची.

"मावशी, पूर्ण नाव सांगा."

"हातावर लिवलंय का नाय तुमच्या पोरीनं?"

"तरी तुमच्या तोंडून सांगा. आणि गाव?"

"गोजाबाई भोये. साखरशेत."

आईचा हात हवेतच थांबला. सुई बाईच्या दंडापासून वीतभर लांब होती. वॉर्डात एकदम इतकं शांत झालं की सात नंबरचं घोरणं ट्रॅक्टरसारखं ऐकू येऊ लागलं. आईने सुई ट्रेमध्ये परत ठेवली.

"तुम्ही सुकीच्या खाटेवर कशा?"

"माझ्या खाटंवर माझी बहीण निजलीय. बायडी. पहाटंच आली चालत. दमली ना ती!"

बायडीने शेजारच्या खाटेवरून हसून हात हलवला. ठणठणीत बाई! त्या हातावर लाल पट्टी: 'गोजाबाई. पेनिसिलिन चालत नाही.'

"मग पेशंट कुठे आहेत सगळे?" रोहिदास ब्रदर ओरडले.

"उन्हाला!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

खरंच! जव्हारच्या थंडीत सकाळी उन्हाला बसायचं सोडून खाटेवर कोण थांबतं? रुग्ण बाया बाहेरच्या ओट्यावर रांगेने शेकत होत्या आणि गावाहून आलेले नातेवाईक आत खाटा राखत होते. रोहिदास ब्रदरनी धावत जाऊन सात नंबरचं पांघरूण ओढलं आणि हातातली पट्टी मोठ्याने वाचली.

"रंगू. वय बावीस. काल प्रसूती. मुलगी!"

पांघरुणाखालून पांढऱ्या मिशा उठून बसल्या.

"नाव काय तुमचं?"

"जिव्या. वांगणीचा. रंगू माझी सून." म्हातारबाबांनी डोळे चोळत मनगटाकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "मना काय झालं, सायेब?"

"मुलगी झाली!" बायडी म्हणाली.

वॉर्ड असा हसला की ओट्यावरच्या बाया बघायला आत आल्या. हसली नाही ती एकटी आई.

"आणि पट्ट्या गाठोड्यांना का बांधल्या होत्यात?" तिने विचारलं.

गोजाबाईने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अगो सिस्टर, सगळी गाठोडी एकसारखी! मागच्या खेपंला माझं गाठोडं मोखाड्याला गेलं, त्यात माझी चांगली साडी होती. मी थोडीच हरवणार हाय? गाठोडं हरवतं!"

रोहिदास ब्रदरनी आईला बाजूला घेतलं. "सिस्टर, पोरीचा पराक्रम राहू द्या. मी आधीचं लिहितो. बारापैकी बारा."

शीला कान टवकारून ऐकत होती. एक 'हो', आणि इन्चार्जपद वाचलं असतं!

"नको," आई म्हणाली. "झालं ते लिहा. माझ्या मुलीने बांधल्या तेही लिहा. नाहीतर उद्या कोणीतरी पट्टीवर विश्वास ठेवून सुई टोचेल."

अहवालात लिहिलं गेलं: 'गाठोड्यांची ओळख: बारापैकी बारा अचूक. रुग्णांची ओळख: शून्य.' एकूण गुण अठ्ठेचाळीस! म्हणजे पन्नासच्या खाली! पण मोठ्या डॉक्टरांनी पुढचं पानही वाचलं. त्यावर आईने उपाय लिहिला होता: प्रत्येकीला दोन पट्ट्या द्याव्यात, एक हाताला, एक गाठोड्याला, आणि पट्टी असो-नसो, नाव विचारावंच. ते म्हणाले, "इन्चार्ज राहू द्या. दोन पट्ट्या सगळ्याच वॉर्डांत सुरू करा."

रात्री जेवताना आई परातीतली नाचणीची भाकर हातात घेऊन थांबली. "पूर्ण नाव?"

एरवी शीलाने नक्कल केली असती. आज तिने मान खाली घालून पूर्ण नाव सांगितलं. गावही सांगितलं. भाकर मिळाली.

दुसऱ्या दिवशी शिस्तमंत्रीबाई ताठ मानेने शाळेत शिरल्या. मागून सगळी पोरं फिदीफिदी हसत होती. पहिला तास संपेपर्यंत तिला कळलंच नाही का! मग तिने दप्तर काढून पाहिलं.

पट्ट्याला गाठ मारून लाल पट्टी बांधलेली होती. अक्षर आईचं:

'शीला. वॉर्डाला चालत नाही.'