फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

गिरधर मास्तर अस्वस्थ झाले की हातातल्या कागदाचा कोपरा फाडून दात कोरायचे. असोद्याच्या शाळेतलं हजेरीपुस्तक त्यापायी चारही बाजूंनी कुरतडलेलं होतं. त्या शनिवारची अस्वस्थता तर विचारूच नका. धुळ्याच्या पंडितनानांनी स्पर्धेचं नाटक वाचायला पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी : 'पहिलं मत कार्डावर कळव, मग तुझ्या भूमिकेचं बघू.' आठ वर्षं मास्तर नानांच्या नाटकांत नुसता पडदा ओढत होते. यंदा त्यांना पडद्यापुढे यायचंच होतं.

पण नाटक तरी कसलं! मेलेली तीन माणसं एका खोलीत कोंडलेली. यम नाही, उकळती कढई नाही. एकमेकांची तोंडं बघत बसायचं, आणि हाच म्हणे नरक!

"अगं, यात नरक कुठला?" मास्तर तिसऱ्यांदा ओट्यावरून उठले. "आपन रोज तेच करतो!"

"मंग तसंच लिहा, अन् जेवा एकदाचे," सुनंदाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी लिहिलं : 'नाना, कालपासून जिवाला चैन नाही. तिघंही मेलेले. एकाच खोलीत, दार बाहेरून बंद. असं कसं झालं, समजत नाही.' नाटकाचं नाव, नरकाची शंका आणि 'तरी भूमिका मलाच द्या' हे सगळं खाली बारीक अक्षरात गेलं. टपालपेटीपर्यंत जाता जाता कार्डाचा कोपराही दातांत गेला.

आता कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नानांच्या बायकोने, कुंदाबाईंनी, सोमवारी धुळ्यात ते उंबऱ्याबाहेरच वाचलं आणि दुसऱ्याच ओळीला हंबरडा फोडला. असलं कार्ड शेवटपर्यंत कोण वाचतं? रिवाजाप्रमाणे फाडून टाकलं. गिरधर सोडला तर त्या घरात आई, बाप आणि बायको, माणसं तीनच! नाना कामावरून येईपर्यंत गल्ली जमली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी असोद्याला अकरा माणसं उतरली. बायकांच्या तोंडावर पदर, पुरुषांच्या माना खाली. मास्तर शाळेत होते. रडत आलेल्याला 'कोण गेलं' म्हणून विचारायची आपल्यात पद्धत नाही, आधी गळ्यात पडायचं. सुनंदाबाई तोंडावर पदर ओढून पडल्या. सासू तानुबाईही पडल्या.

"भरेल घरमाईन तिन्ही गयात व माय!" कुंदाबाई पदराआडून रडल्या.

भरल्या घरातून तीन! सुनंदाबाईंनी सूर आणखी चढवला. कोण ते नंतर कळेल, पण तीन म्हणजे काय थोडे झाले? शेजारणी आल्या, त्याही बसल्या. पाऊण तास सुनंदाबाई स्वतःच्याच मरणावर ढसाढसा रडत होत्या.

एवढ्यात मास्तरांचे वडील तोतारामआबा खांद्यावर केळीचा घड घेऊन मळ्यातून आले. "कोन गेलं व?"

कुंदाबाईंनी पदर वर करून 'मेलेल्या' आबांना पाहिलं. "ओ माय! हाऊ ते जित्ता शे!"

मास्तर शाळेतून आले ते या गोंधळात. खोलीत वीस माणसं, दारात अख्खं गाव, बाहेर पडायला वाट नाही. कुंदाबाई उपाशी आल्याचं ऐकवत होत्या, आबा "मले जित्तेपनी मारलं" म्हणून ओरडत होते, आणि सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते.

"नाना," मास्तर घाम पुसत पुटपुटले, "नाटक पटलं बुवा. माझी भूमिका?"

नाना सुनंदाबाईंकडे बघत होते. "त्यातली बाई स्वतःच्या मरणावर रडते. महिनाभर शोधतोय, आज सापडली. वहिनी, येणार का?"

"आणि मी?"

"तू पडदाच ओढ. तुझ्या हातात कागद द्यायची मला आता धास्ती वाटते."

मास्तर मटकन खाली बसले. शेजारी नाटकाची वही पडली होती. नकळत त्यांनी तिचा कोपरा धरला.

सुनंदाबाईंनी फाडकन हातावर मारलं. "ठेवा ते! आता आनखी कोनाला मारता?"