तक्रारपेटीत चिठ्ठ्या हव्यात

तपासणी म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी सगळ्यांना सांगत असे. पनवेलजवळच्या मुलींच्या बालगृहाची मी अधीक्षिका. बावीस मुली, सतरा रजिस्टरं आणि खाडाखोड एकही नाही!

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी समिती येणार, त्याच्या दोन दिवस आधी मी तक्रारपेटी उघडली. आत फक्त एक मेलेलं झुरळ. वर्षभरात एकही तक्रार नाही, हे कोणाला खरं वाटणार? मी मुलींना जमवून सांगितलं, की प्रत्येकीने तक्रार लिहा, अगदी मनमोकळी लिहा. माझ्या डोळ्यांपुढे 'कॅरमच्या सोंगट्या हरवल्या' छापाच्या चिठ्ठ्या होत्या. मुलींनी मात्र 'मनमोकळी' हा शब्द फारच मनावर घेतला.

समितीच्या ठोसरसाहेबांनी पेटी उघडली आणि चिठ्ठ्या लाह्यांसारख्या बाहेर उडाल्या. त्रेपन्न! साहेब एकेक मोठ्याने वाचू लागले. आमटीत डाळ शोधावी लागते. प्रार्थनेत मॅडमचा सूर चुकतो आणि ओरडा आम्हाला बसतो. मॅडम दुपारी हजेरीपटावर डोकं ठेवून झोपतात. एक चिठ्ठी तर स्वयंपाकीण गोदूबाईंची निघाली. मी वळून पाहिलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मिक्सर बंद हाय. आमी पाट्यावर किती दिवस वाटायचं?"

माझी कानशिलं तापली. नोंदणी गेली तर मुली जिल्हाभर विखुरणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

शेवटची चिठ्ठी नऊ वर्षांच्या समृद्धीची होती. येऊन आठ महिने झाले, तरी 'हो-नाही'पलीकडे ती बोललेली नव्हती. तिने लिहिलं होतं, 'बाथरूमच्या वाटेवर दिवा नाही. मला भीती वाटते.'

साहेबांनी तिला विचारलं, "आणि हे लिहायला भीती नाही वाटली?"

"नाही. मॅडम म्हणाल्या लिहा."

साहेबांनी चष्मा काढला. इतक्या धीटपणे लिहिणाऱ्या मुली आपल्याला फार कमी ठिकाणी भेटल्या, असं म्हणून त्यांनी नूतनीकरणाची शिफारस केली. सोबत एक अट घातली. त्रेपन्न तक्रारींवर काय केलं, ते महिन्याच्या आत लेखी कळवायचं.

वायरमन केतनने त्याच संध्याकाळी दिवा लावला. समृद्धी आता दर सोमवारी चिठ्ठी टाकते. परवाच्या चिठ्ठीत तिने कळवलं, की पेटी फार उंचावर आहे, बादलीवर चढावं लागतं.

मी टेप घेऊन मोजलं. पेटी बरोबर माझ्या खांद्याइतकी उंच होती.